काळजी

मराठीतल्या 'काळजी' या शब्दाने मला लहानपणापासून कोड्यात टाकले आहे. मी गावाला निघालो, की आई एस.टी.च्या खिडकीखाली उभी राहून सांगायची, "काळजी घे रे बाबा!" आणि गाडी हलली, की तीच माउली हात उंचावून ओरडायची, "काळजी करू नकोस!" आता काळजी घ्यायची, पण करायची नाही, हे जमवायचे कसे? पुढे हळूहळू उमगले, की शब्द एकच असला तरी क्रियापद बदलले की त्याचा स्वभाव पालटतो. काळजी केली की ती माणसाला खाते; घेतली की माणसाला राखते. शिवाय ती कधी नुसती 'वाटते', म्हणजे अजून उंबऱ्याबाहेर उभी असते. आणि कधी 'लागते', म्हणजे भूक लागावी, ठेच लागावी, तशी अंगाला येऊन भिडते. एवढ्याशा शब्दाची ही सारी रूपे 2024 सालच्या आषाढात, अवघ्या नऊ दिवसांत, आम्हां नवराबायकोला भेटून गेली.

मी साताऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवतो. त्या आषाढात आमच्या हिला एकोणिसावा आठवडा लागला होता. गर्भारपण हल्ली आठवड्यांनी मोजतात, हे मला नवे होते. आमच्या आईच्या वेळी ते महिन्यांनी मोजत आणि तेही जरा ढोबळच. "तू पोटात होतास तेव्हा डॉक्टरीणबाई पोटाला लाकडी कर्णा लावून ठोके ऐकायच्या, आणि 'छान आहे' म्हणायच्या. तेवढं ऐकून मी घरी येऊन निवांत झोपायची," असे आई सांगते. त्या काळी पोटातल्या बाळाविषयीचे सारे ज्ञान म्हणजे आजूबाजूच्या बायकांचे तर्क. पोट पुढे आहे की पसरट, आंबट आवडते की गोड, आणि डोहाळजेवणाच्या दिवशी झाकलेल्या दोन वाट्यांतून पेढा उचलला की बर्फी! तर्क चुकला तरी कुणाचे काही बिघडत नसे. बाळ आले की तर्क विसरले जात.

आता आत डोकावता येते. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, 18 जुलैला, शाळा सुटल्यावर आम्ही डोकावायला गेलो. शहरातल्याच एका सोनोग्राफी केंद्रात आमची वेळ ठरलेली होती. दारातच ठळक अक्षरांत पाटी होती, की येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, 1988 साली. 1994 साली संसदेने तो देशभरासाठी केला. हिने एका छापील फॉर्मवर सही केली, की मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचे नाही. डॉक्टरांनीही सही केली, की मी ते सांगणार नाही. मला त्या सह्यांचा मोठा आदर वाटला. इथे काय पाहायचे आणि काय पाहायचे नाही, याची मर्यादा माणसांनी आधीच आखून ठेवली होती. बाकीच्या गोष्टींना मात्र अशी मर्यादा नव्हती. बाळाचे डोके किती, मांडीचे हाड किती, मणके सरळ आहेत का, ओठ नीट जुळले आहेत का, मूत्रपिंडे दोन आहेत का, हृदयाचे कप्पे चार आहेत का, एकेक पाहून त्याची नोंद व्हायची होती.

खोलीत अंधार होता. हिच्या पोटावर गार जेल लावले, तशी ही जरा शहारली. मग पडद्यावर करड्या धुक्यातून एक चिमुकला कणा उमटला; मोत्यांची सर ठेवावी तसा. एक हात दिसला. त्या हाताने उगीचच काहीतरी ढकलल्यासारखे केले, आणि आम्ही दोघे एकदम हसलो. डॉक्टर बोलत नव्हते. मोजमाप घेत होते. एका जागी मात्र त्यांचा हात थांबला. त्यांनी तीच जागा जरा तिरकी धरून पाहिली, पुन्हा सरळ धरून पाहिली, हिला कुशीवर वळायला सांगितले आणि परत पाहिली. त्या दोन-तीन मिनिटांत आमचे हसू कुठे गेले, ते आम्हांलाही कळले नाही.

"हृदयाच्या डाव्या कप्प्यात एक पांढरा ठिपका दिसतो आहे," शेवटी ते म्हणाले, "बहुधा काही नसतं. पण एकदा पुण्याला दाखवून घ्या."

डॉक्टर नेमके आणि प्रामाणिकपणे बोलले होते. पण त्या बोलण्यातले 'बहुधा' आम्हांला ऐकूच आले नाही; 'पण' मात्र ऐकू आला, आणि तो घरापर्यंत बरोबर आला. अहवालात त्या ठिपक्याचे नाव होते 'इकोजेनिक इंट्राकार्डिॲक फोकस'. एवढ्याशा ठिपक्याला एवढे लांबलचक नाव! साध्या शब्दांनी माणूस जितका भीत नाही, तितका न कळणाऱ्या नावाने भितो. पुण्यातल्या गर्भतज्ज्ञांकडे फोन लावला. त्यांची वेळ मिळाली ती 27 तारखेची, म्हणजे नऊ दिवसांनंतरची.

घरात कुणाला सांगायचे आणि कुणाला नाही, हा पहिला प्रश्न. सांगितले नाही तर चेहरे सांगतात, म्हणून आईला सांगितले. आईने काही न बोलता मीठमोहऱ्यांनी हिची दृष्ट काढली. पंचवीस वर्षे बालवाडी चालवलेली आमची आई काही भोळी नव्हे. पण हाताला काहीतरी काम हवे होते, ते तिने शोधले. हिच्या आईला सांगलीला फोन झाला. त्या दोन मिनिटे गप्प राहिल्या आणि मग एकदम विचारू लागल्या, की रात्री जेवलीस का, काय जेवलीस, पाय सुजतात का. मला तेव्हा वाटले, या विषय टाळताहेत. आता वाटते, विषयाच्या ज्या भागाला त्यांचा हात पोहोचत होता, तो भाग त्यांनी पकडला होता.

पण घरातली बातमी घरात राहत नाही. आमच्या आत्याबाई दुसऱ्या दिवशी आल्या आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी हिला विचारले, "ग्रहण नीट पाळलं होतंस ना? सुरी-विळी हातात नव्हती ना धरलीस?" हिचा चेहरा उतरला. आई उठली, भिंतीवरचे कॅलेंडर काढून तिने आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "वन्सं, हिला दिवस गेल्यापासून आपल्याकडे दिसेल असं ग्रहण एकसुद्धा झालेलं नाही. तुम्हीच बघा." आत्याबाईंनी खरोखरच चष्मा लावून पाने चाळली! पुढे कधी आठवण निघाली, की आम्ही त्यावर हसतो. त्या दिवशी मात्र कुणी हसले नाही. पोटातल्या बाळाचे काही वेगळे निघाले, की लोकांना कारण हवे असते, आणि कारण शोधत निघालेली माणसे हटकून आईपाशी येऊन थांबतात. काय खाल्ले, काय उचलले, कुठे गेली, काय पाहिले! असा एकही प्रश्न बापाला कुणी विचारत नाही. मला त्या नऊ दिवसांत एकानेही विचारला नाही.

रात्री मात्र आम्ही दोघेच असू, आणि आमच्यामध्ये तिसरा तो मोबाइल. ही कुशीवर वळून अंधारात वाचत असायची. त्या निळसर उजेडात तिचा अर्धा चेहरा दिसायचा. कुठे लिहिलेले असे, की असे ठिपके पुष्कळ निरोगी बाळांत दिसतात. ते वाचून बरे वाटायचे. खालच्याच ओळीत डाउन सिंड्रोमचे नाव यायचे आणि बरे वाटलेले पुसून जायचे. जन्मतः एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असली म्हणजे ही स्थिती येते. पॅरिसमधल्या संशोधकांनी 1959 साली ते दाखवून दिले. हे मी शाळेत असतानाच वाचले होते. तेव्हा ते पुस्तकातले होते.

आता माझ्या विषयाची कथा ऐका. दहावीच्या वर्गाला मी दरवर्षी 'संभाव्यता' हे प्रकरण शिकवतो. नाणी, फासे, पत्ते, पिशवीतले रंगीत चेंडू. बाराव्या आठवड्यात हिची पहिली तपासणी झाली होती. तिच्यात बाळाच्या मानेमागचा द्रवाचा पापुद्रा मोजतात आणि आईचे रक्त पाहतात. त्या अहवालात डाउन सिंड्रोमचा संभव नऊशेत एक असा आला होता. तेव्हा मी मोठ्या ऐटीत हिला समजावले होते, की पिशवीत नऊशे चेंडू आहेत, त्यातला एकच लाल, कशाला घाबरतेस? गणित बरोबरच होते. पण गणितातल्या पिशवीत हात पुन्हापुन्हा घालता येतो. आमचा हात एकदाच जाणार होता, आणि जो चेंडू हाती येईल तो घेऊन आयुष्यभर चालायचे होते. संभव पुष्कळांचा असतो. मूल एकच असते. या दोहोंमध्ये जी फट आहे, तिच्यात काळजी घर करते, आणि ती फट बुजवणारे सूत्र कोणत्याही पुस्तकात नाही.

त्यातल्या एका सकाळी मी प्रार्थनेच्या वेळी मैदानावर उभा होतो. आमच्या शाळेचा पट नऊशेच्या आसपास. रांगांमागून रांगा, ओले रेनकोट, चिखलाचे बूट. मनात आले, की नऊशेत एक म्हणजे एवढ्या पोरांत एक. आधी धीर आला, की एकच तर! मग नजर आपोआप त्या एकाला शोधू लागली. आणि शोधता शोधता निराळेच सुचले. तो एक, जो कुणी असेल तो, त्यालाही इथेच, याच रांगेत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहायला जागा हवी. आकडा लहान आहे म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो, तेव्हा त्या एकाचे काय, हे आपण विचारतही नाही.

हिला मात्र हे आधीच सुचले असावे. आमच्या मागच्या आळीत एक काकू पोळीभाजी केंद्र चालवतात. त्यांचा मुलगा तिशीचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. पोळ्या दहा-दहांनी मोजून कागदात बांधायचे काम त्याच्याकडे. मोजताना मध्ये कुणी बोलले, की तो रागावतो आणि पहिल्यापासून मोजू लागतो. पण हिशेब कधी चुकवत नाही. कोणाकडे किती पोळ्या जातात, हे त्याला गल्लीभराचे पाठ आहे. ही एका दुपारी त्या काकूंकडे जाऊन बसली. पोळ्या लाटता लाटता काकूंनी सगळे सांगितले. त्याच्या हृदयाला जन्मतः भोक होते. तीन वर्षांचा असताना मुंबईला शस्त्रक्रिया झाली. बोलायला फार उशिरा लागला. शाळांनी दारे लावली. "आपल्यानंतर याचं काय, हा विचार पोळी उलटताना रोज येतो," असे त्या म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "मला तो जन्मेपर्यंत काही ठाऊक नव्हतं. आधी ठाऊक असतं तर काय केलं असतं, असं लोक विचारतात. मी सांगत नाही. कारण ते माझं मलाच ठाऊक नाही. एवढं सांगते, की हा घरात नाही अशी एक दुपार मला काढता येत नाही." ही घरी आली तेव्हा तिच्या हातात दहा पोळ्यांचे पुडके होते. मुलाने पैसे घेतले नव्हते. त्याच्या हिशेबात आमचे घर महिन्याच्या खात्यावर होते.

त्या रात्री ही अंधारात म्हणाली, "अहो, समजा, असलंच काही, तर?"

हा प्रश्न पाच दिवस घरात वावरत होता. पण आम्ही दोघेही त्याच्याकडे पाठ करून होतो. त्यामागे कायद्याची तारीख होती. 2021 च्या सुधारणेनंतर आपल्याकडे विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. वीस ते चोवीस आठवड्यांत कायद्याने ठरवलेल्या काही परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने. आणि त्यापुढे, गर्भात गंभीर दोष असेल तर, वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. आमचा विसावा आठवडा या नऊ दिवसांतच भरत होता. कॅलेंडरचे प्रत्येक पान जणू आम्हांला काहीतरी विचारत होते.

मी म्हणालो, "मला उत्तर येत नाही."

ती म्हणाली, "मला उत्तर नकोच आहे. प्रश्न मी एकटीने वाहायचा नाही, एवढंच."

त्यानंतर आम्ही पुष्कळ वेळ बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते दोघांचे आहे. पण त्या रात्री पाच दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघेही झोपलो. उत्तर मिळाले म्हणून नव्हे; प्रश्न दोन खांद्यांवर आला म्हणून.

मधल्या दिवसांत मला एक खोड लागली. ज्या यंत्राने आम्हांला या फेऱ्यात टाकले, त्याची कुळकथा मी वाचून काढली. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडचा आवाज ऐकू येत नाही. हे यंत्र काही दशलक्ष कंपनांच्या लहरी आत सोडते आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपून चित्र उभे करते. पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या पाणबुड्या हुडकण्यासाठी फ्रान्सच्या लांजव्हँ यांनी हे तत्त्व कामी लावले. पुढे त्याच तत्त्वावर धातूंतले दोष शोधणारी यंत्रे निघाली. बॉयलरच्या पत्र्याला, सांध्याला आत कुठे चीर तर नाही ना, हे पाहण्यासाठी. 1955 साली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले आणि तिथल्या यंत्राखाली त्यांनी त्या धरून पाहिल्या. तुलनेला कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता म्हणतात! त्यातूनच 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो प्रसिद्ध निबंध आला, आणि गर्भाची पहिली करडी चित्रे जगाने पाहिली.

हे वाचून मला यंत्राविषयीचा राग उरला नाही. पाणबुडी आणि चीर हुडकण्याच्या घराण्यात ज्याचा जन्म, त्याची नजर दोषावरच जाणार. त्याला बाळाचे हसू दिसणार नाही. ते त्याचे कामही नव्हे. आणि त्याच नजरेने हृदयाचा खरा दोष आधी सापडतो, बाळंतपण योग्य रुग्णालयात ठरते, जन्मल्याबरोबर उपचार मिळतात, अशी किती बाळे वाचत असतील! चूक यंत्राची नाही. त्याने जे पाहिले त्याचा अर्थ लावायला शेजारी शांतपणे बोलणारे माणूस हवे, एवढेच.

ते माणूस आम्हांला पुण्यात भेटले. 27 जुलैचा शनिवार. दोनच दिवसांपूर्वी, 25 तारखेला, पुण्यात मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यालगतच्या वस्त्यांत शिरले होते. जावे की न जावे, असा घरात खल झाला. शेवटी पहाटेच निघालो. खंबाटकीचा बोगदा ओलांडला तरी दोघांत एक शब्द नव्हता. हिच्या मांडीवर वही होती. तिच्यात आम्ही प्रश्न लिहून नेले होते, एकूण अकरा. ही कल्पना हिचीच. डॉक्टरांसमोर गेले की माणसाला काही सुचत नाही आणि जिना उतरताना सगळे आठवते, म्हणून.

बाहेरच्या बाकांवर आमच्यासारखीच जोडपी होती. एक जोडपे फलटणकडचे. त्यांच्या बाळाच्या वरच्या ओठाला फट दिसली होती. "शिवता येते म्हणाले, तीन-चार महिन्यांचं झालं की," नवऱ्याने आपण होऊन सांगितले, आणि मग बायकोकडे वळून म्हणाला, "येते म्हणाले ना गं?" ती म्हणाली, "येते म्हणाले." त्यांनी हे आपसांत किती वेळा विचारले असेल कोण जाणे! दुसरी एक बाई एकटीच बसली होती. तिने कुणाशी काही बोलणे केले नाही. हिने आपल्या पिशवीतले राजगिऱ्याचे लाडू काढले आणि पहिला तिच्या हातावर ठेवला. तिने तो घेतला.

तज्ज्ञ बाई वयाने प्रौढ होत्या. त्यांनी पाऊण तास पाहिले, आणि पाहताना प्रत्येक गोष्ट बोलून दाखवली. हा मेंदू, हे ओठ, हे पोट, हे चार कप्पे, या दोन मोठ्या रक्तवाहिन्या. मग म्हणाल्या, "आणि हा तुमचा ठिपका." हृदयाच्या झडपांना धरून ठेवणारे लहान स्नायू असतात, त्यात कॅल्शियमचा कण साठला की तिथून लहरी जोराने परततात आणि ती जागा हाडासारखी पांढरी चमकते. शंभरांतल्या साधारण तीन ते पाच बाळांत असा ठिपका दिसतो. आशियाई लोकांत जरा जास्तच. हृदयाच्या कामात त्याचा काही अडथळा नसतो. एके काळी त्याला फार महत्त्व दिले जाई. आता चांगल्या चाचण्या आल्या आहेत. पहिली तपासणी चांगली असेल आणि दुसरे काहीही आढळले नसेल, तर एकट्या ठिपक्याने आधीचा संभव वाढत नाही. "नऊशेत एक होता, तो नऊशेत एकच राहिला," असे म्हणून त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी गणिताचा मास्तर, हे हिने आधीच सांगून टाकले होते.

वहीतला सातवा प्रश्न हिने वाचला, "माझ्या हातून काही झालं का?"

बाईंनी चष्मा काढला. "नाही," त्या म्हणाल्या, "खाण्यानं नाही, उचलण्यानं नाही, ग्रहणानं नाही. हे तुमच्या करण्यानं आलेलं नाही." ही तिथे रडली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच रडली, आणि ते रडणे भीतीचे नव्हते.

शेवटचा प्रश्न माझा होता, "म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू ना?"

"या तपासण्या म्हणजे चाळणी आहे," बाई म्हणाल्या, "चाळणीत वर राहतं ते सगळेच खडे नसतात, आणि एखादा बारीक खडा चाळणीतून खालीही जातो. मी तुम्हांला खात्री देत नाही, माहिती देते. खात्री मलाही माझ्या मुलांच्या वेळी कुणी दिली नव्हती." हे वाक्य मी आईला घरी जसेच्या तसे सांगितले. तिला ते फार पटले. जन्मभर दिवाळीला भाजणी चाळत आलेल्या बाईला चाळणीचे निराळे काय समजवायचे!

मार्गशीर्षात सांगलीला हिच्या माहेरी आमची मुलगी जन्मली. सुखरूप आहे, घरभर फिरते आणि कपाटातली भांडी बाहेर काढते. तिच्या हृदयात तो कण अजून आहे की नाही, आम्ही पाहिलेले नाही. पाहायला कुणी सांगितलेलेही नाही. पण ती सुखरूप आहे म्हणून मी ही हकिकत सांगतो आहे, असे नव्हे. तिचे काही निराळे निघाले असते, तरी त्या नऊ दिवसांत ज्यांनी आम्हांला सावरले त्यांनी तसेच सावरले असते. आईने कॅलेंडर पुढे केले, सासूबाईंनी जेवण विचारले, काकूंनी आपले खरे ते सांगितले, हिने वहीत प्रश्न लिहिले. यांपैकी कुणीही "काही होत नाही गं" असे म्हटले नाही. ते म्हणणारी माणसे पुष्कळ भेटली. मनाने चांगली होती. पण त्या वाक्याने पुढचे बोलणे संपते, आणि काळजी करणारा माणूस आणखी एकटा पडतो.

या वर्षी आमच्या शाळेतले एक तरुण शिक्षक मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या पत्नीच्या सोनोग्राफीत बाळाच्या एका मूत्रपिंडाला थोडी सूज दिसली होती. त्यांनी अहवाल पुढे केला. मला त्यातले कळत नाही, हे मी त्यांना सांगितले. मग दोघांनी चहा घेतला. मी कपाटातून एक कोरी वही काढून दिली आणि म्हटले, मनात येतील ते सगळे प्रश्न यात लिहा, वहिनींचे आधी लिहा. त्यांची वेळ पुढच्या मंगळवारची होती. त्या दिवशीचे त्यांचे दोन्ही तास मी घेतले.